अस्तनगरची पोथी

आयटीआय चौकात सिग्नलला रिक्षा थांबली आणि माझा नवरा, वैजनाथ, बोलायला लागला. रिक्षावाल्यानं फोन समोरच्या काचेपाशी अडकवला होता. इतका वेळ गोंगाटात तो नुसता गुणगुणत होता. सगळ्या गाड्या थांबल्या तेव्हा शब्द न् शब्द ऐकू आला. ‘सुभेदार उंबऱ्याबाहेरच थांबला आणि अदबीनं म्हणाला, बाई, आमच्यात जबरदस्ती नसते.’ वैजनाथ पावसाळ्यात गेला. आता कॉलेजात पोरं स्वेटर घालून यायला लागली होती. शेजारच्या बाईची पिशवी माझ्या पायावर कलंडून मेथीची जुडी खाली पडली होती, ती मी उचलून दिली. अशा वेळी माणसाची शुद्ध हरपते म्हणतात. माझी काही हरपली नाही, उलट त्या जुडीला बांधलेला सुतळीचा तुकडासुद्धा मला अजून दिसतो. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला की स्टोरी लई भारी आहे मॅडम, रक्त पिणाऱ्यांचं राज्य आलंय, अख्खं शहर त्यांच्या कब्जात, आणि वाचणाऱ्याचा आवाज तर बघा. मी म्हटलं, हो, बरा आहे.

खरं म्हणजे आवाज ऐकून मी दचकलेच नव्हते. वैजनाथचा आवाज नांदेडात कुठंही भेटायचा. साड्यांचा सेल, ट्यूशन क्लास, सर्कस, हरवलेलं पोर, भोंगा लावलेल्या रिक्षांमधून सगळं तोच सांगायचा, आणि वजिराबादेत एका भांड्यांच्या दुकानावर त्याची जुनी टेप अजून लागते. माणूस जातो आणि स्टीलच्या डब्यांवर सूट राहते. मी तिथून जाताना चालणं जरा हळू करते, एवढंच. दचकले ते पुढच्या वाक्याला. कादंबरीतली रेवा पुलापलीकडं गेली होती. वैजनाथ वाचता वाचता जिथं थांबला तिथं रेवा पुलाच्या अलीकडं उभी होती, चौकीतला शिपाई तिला विचारत होता, तू कोण, आणि तिनं अजून उत्तर दिलेलं नव्हतं. त्याच्या पुढचं वैजनाथनं वाचलेलं नाही. त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं. लिहिणारा कुठंतरी बसून थोडं थोडं लिहून पाठवायचा आणि वैजनाथ ते येईल तसं एका ऑडिओ कंपनीसाठी वाचायचा. आता त्याचाच आवाज मला रिक्षात सांगत होता की रेवाच्या पायाखालची वाळू थंडगार होती.

आमच्या घरी भिंतीतलं एक कपाट होतं, त्याच्या फळ्या काढून वैजनाथनं आपली बसायची जागा केली होती. आतून चारी बाजूंना त्यानं चाकूरहून आणलेल्या वाकळा ठोकल्या होत्या, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरातल्या जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या शिवलेल्या. आवाज घुमू नये म्हणून. आत तो मांडी घालून बसायचा, दार लावून घ्यायचा, आणि मला बाहेरून पुरुष, बायका, म्हातारे, घोडे असे सगळे ऐकू यायचे. पंखा बंद ठेवावा लागायचा, कुकरची शिट्टी काढून ठेवावी लागायची, आणि उन्हाळ्यात तो बाहेर आला की बनियन पिळून घ्यावं असं व्हायचं. आवाज तो आपल्या माणसांकडूनच उचलायचा. अस्तनगरच्या, म्हणजे कादंबरीतल्या त्या शहराच्या, पाणक्याला त्यानं आपल्या चुलत्याचा, गुरुपादप्पांचा आवाज दिला होता. सूर्य बुडाला की घंटा वाजवणारी ती रेवा, तिला माझा. मी भांडण संपवताना ‘बरं मग’ म्हणते ते जसंच्या तसं तिच्या तोंडी. मी चिडले तेव्हा म्हणाला, मानधन पाहिजे का तुला. आणि सुभेदाराला, म्हणजे त्या रक्त पिणाऱ्यांच्या राजाला, त्यानं आवाज दिला होता आमच्या डॉक्टरांचा. ज्या मऊ, सावकाश आवाजात त्यांनी आम्हाला दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं होतं, त्या आवाजात सुभेदार लोकांच्या मानेची चौकशी करायचा.

अस्तनगर लढाईत पडलंच नव्हतं. मला त्या कादंबरीत तेवढं एकच पटलं होतं. सगळं सैन्य वेशीवर मशाली घेऊन उभं आणि शत्रू वेशीकडं फिरकलाच नाही. त्या संध्याकाळी घराघराच्या दारात ज्याचं त्याचं मेलेलं माणूस येऊन उभं राहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. आत बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नव्हता. पण पाणी मागणाऱ्या आपल्या माणसाला दारात कोण उभं करतं? सकाळपर्यंत शहर गेलं होतं. पुढं सगळं कसं शिस्तीत. मारझोड नाही, लुटालूट नाही, घंटा झाली की घरातल्या एकानं दारात बसायचं आणि हात पुढं करायचा. लोकांना सवय झाली. बाजार भरायला लागला, लग्नं लागायला लागली. वैजनाथ हे दुपारी वाचायचा आणि आठवड्याचे ठरलेले दिवस सकाळी डायलिसिसला जायचा. तिथंही सगळं शिस्तीत, एका ओळीत खाटा, एका ओळीत माणसं, प्रत्येकाचा हात पुढं. त्याचं रक्त नळीतून यंत्रात जाताना तो माझ्याकडं बघून डोळा मारायचा. आमच्या पिशाच्चांपेक्षा हे बरे, धुऊन परत तरी देतात, म्हणायचा. सिस्टरलासुद्धा हसू यायचं. त्याच्या डाव्या हाताची नस सुयांसाठी जोडून मोठी केलेली होती, तिच्यावर तळवा ठेवला की आत सतत घरघर लागायची. मी झोपताना त्या नसेवर हात ठेवायचे. माझ्या हाताला अजून त्या घरघरीची सवय आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत फ्रीजला हात टेकला तरी मी तो काढून घेत नाही.

शेवटी शेवटी त्याला धाप लागायची. अंगात पाणी साठायचं, जिना चढून आला की बोलणं व्हायचं नाही. तरी कपाटात बसायचा. एक वाक्य, मग दम, मग एक वाक्य. कंपनीची पोरं तिकडं बसून मधले श्वास कापून टाकायची आणि जोडून द्यायची, म्हणून ऐकणाऱ्याला वैजनाथ कधी आजारी पडलाच नाही. पुढं पुढं दार उघडं ठेवूनच वाचायचा, मी बाहेर पाटावर बसून राहायचे. रेवा पुलापाशी आली त्या दिवशी तो बराच वेळ वाकळेला टेकून बसला. मी विचारलं, शिपायाला काय सांगते ती? म्हणाला, मला तरी कुठं माहीत, आलं की कळेल. त्याला त्याची फार उत्सुकता होती. दवाखान्यात नेतानासुद्धा आलं का ते बघ म्हणाला. आलं नव्हतं.

आणि मग त्याला चाकूरला शेतात बसवलं. माझं माहेर हदगावचं, आमच्याकडं माणूस जळतो, राख नदीला जाते, आणि घराला हळूहळू कळतं की गेला. वैजनाथचं घर लिंगायत. तिथं माणसाला मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग, कपाळाला विभूती, अंगावर बेलाची पानं, आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी त्यांचं सगळं शिकले, नाव घेऊन हाक मारते म्हणून नाक मुरडणाऱ्या आत्याबाईही मऊ झाल्या, पण ही गोष्ट मी आधी कधी पाहिली नव्हती. तो कपाटात बसायचा तसाच बसला होता. मान जराशी पुढं. आता कुणीतरी दार लावून घे म्हणेल असं मला वाटलं. जळलेल्या माणसाबद्दल आपण होता म्हणतो. बसलेल्या माणसाबद्दल काय म्हणायचं? पावसात मला सारखं वाटायचं की तिथं ओल येत असेल.

चाकूरला आत्याबाई रोज संध्याकाळी फोनवर त्याला ऐकत होत्या. हे मला माहीत होतं, मीच त्यांना शिकवून आले होते की इथं दाबायचं, मग इथं. मला वाटायचं त्यानं आधी वाचून ठेवलेलंच पुन्हा पुन्हा लागतंय. मी स्वतः तो गेल्यापासून एकही भाग ऐकला नव्हता. आत्याबाईंना कादंबरी म्हणजे काय ते ठाऊक नाही. लेक वाचतो म्हणजे पोथी. हातपाय धुऊन, विभूती लावून, डोक्यावर पदर घेऊन बसायच्या, समोर पाटावर फोन, आणि भाग संपल्याशिवाय तोंडात घास घालायच्या नाहीत. शेजारच्या धोंडाबाई येऊन बसायच्या. सुभेदार आला की दोघी त्याचा मुडदा बशिवला म्हणायच्या. तो पुण्याईनं मरेल की शापानं यावर त्यांचं भांडण होतं. वैजनाथ असताना त्याला हे सांगितलं होतं, तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, आता मधे सोडता येणार नाही, पोथी अर्धी ठेवली तर आई मला घरात घेणार नाही.

कंपनीला फोन केला तर एक मुलगी बोलली. वर्षाराणी म्हणून, मूळची लातूरची, बोलण्यावरून लगेच ओळखू आलं. तिला वाईट वाटत होतं, ते खोटं नव्हतं. तिनं मला समजावून सांगितलं की सरांचं आधीचं सगळं वाचन मशीनला दिलं आणि मशीन आता त्यांच्या आवाजात कुठलंही वाक्य वाचतं. सरांची परवानगी होती. त्यांनी मुद्दाम त्यासाठी बसून वाक्यं वाचून दिली होती, रागाची, रडण्याची, हसण्याची. मला ती दुपार आठवली. कपाटातून तो कारण नसताना रडल्यासारखं बोलत होता आणि मी बाहेर शेंगा निवडत होते. हा जुना करार पुलापाशी सुरू झालेला खंड संपेपर्यंतच आहे, वर्षाराणी म्हणाली, आणि तो आता संपत आलाय. पुढं शेवटापर्यंत सरांचाच आवाज ठेवायचा तर घरच्यांचा होकार पाहिजे. तुम्ही नाही म्हणालात तर लगेच थांबवू, ताई, आमची जबरदस्ती नाही. रविवारी संध्याकाळी फोन करते म्हणाली.

मग मी ऐकायला लागले. आठवडाभर कॉलेजात बाटल्या धुताना, पोरांना ब्युरेट भरून देताना, एका कानात वैजनाथ. हे मला आधीच सांगायला पाहिजे होतं, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज झाला नसता: मला संताप आला नाही. मला फार बरं वाटलं. मशीननं त्याचा जुना आवाज घेतला होता, सूज यायच्या आधीचा, धाप लागायच्या आधीचा. लांबच लांब वाक्य एका दमात. हा माणूस जिना पळत चढला असता. चार वर्षं मी देवाकडं जे मागत होते ते कंपनीनं करून दिलं होतं, वैजनाथ बरा झाला होता. फक्त तो रेवाचं ‘बरं मग’ म्हणायचा तेव्हा ते माझं वाटायचं नाही. कुणीतरी नवऱ्याला सांगून ठेवलंय की तुझी बायको असं म्हणते, आणि तो बिचारा म्हणून दाखवतोय, असं. तेवढं मी सोडून द्यायचे. सांगा मला, तुमचं माणूस दारात पाणी मागत उभं राहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? शनिवारपर्यंत माझं ठरलं होतं. हो म्हणायचं. आत्याबाईंसाठी म्हणायचं. म्हातारीचा जीव त्याच्यावर आहे, तिचा घास त्याच्यावर आहे, तो मी काढून कशी घेऊ. फक्त त्यांना एकदा खरं काय ते सांगून टाकायचं, नाहीतर मला त्यांच्यासमोर बसून ऐकवलं नसतं.

रविवारी सकाळी लोहा-अहमदपूर करत एसटीनं चाकूरला उतरले. आत्याबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. जेवण झालं, भांडी झाली, त्या पुन्हा सूप घेऊन बसल्या. शेवटी मी सरळ सांगितलं, की आत्याबाई, संध्याकाळी जे लागतं ते वैजनाथनं वाचलेलं नाही, त्याच्या आवाजाचं मशीन केलंय, ते वाचतं. कंपनी विचारतेय की पुढंही तसंच चालू ठेवायचं का. मी तयारी करून गेले होते, त्या रडतील, मला बोलतील, मशीन म्हणजे काय ते दहांदा विचारतील. त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “म्हंजी तो बसलाय तिकडं, आन् हिकडं कामाला बी लावलाय?”

मी म्हटलं, तो नाही, मशीन आहे. त्यांनी मान हलवली, म्हणजे मशीन त्यांना कळलं होतं, प्रश्न तो नव्हता. त्या म्हणाल्या की आवाज तर त्याचाच हाय न्हवं, मग घाम कुणाचा? त्या शेताच्या दिशेला बघत राहिल्या. इथून ते दिसत नाही, मधे शाळा आहे. मग म्हणाल्या, लई दमून गेलं माझं लेकरू. दवाखान्यात तेची बोटं बघितली व्हती म्या, फुगल्याली. आता कुठं टेकलंय.

मी म्हणाले, पोथी अर्धी राहील ना पण. मी त्यांचाच नियम त्यांच्या अंगावर टाकला. तेव्हा त्यांनी मला ते सांगितलं जे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. माझे सासरे, ईश्वरप्पा, मठात श्रावणात पोथी वाचायचे. एका साली महिना अर्ध्यावर आला आणि त्यांचा गळा बसला, आवाज फुटेना. अशा वेळची मठात रीत ठरलेलीच होती. ते उठले, पोथीला हात लावून पाया पडले, पाट सोडला, आणि त्यांचे भाऊ गुरुपादप्पा त्या पाटावर बसले आणि पुढची ओळ वाचायला लागले. सासरे समोर ऐकणाऱ्यांत येऊन बसले. कुणाला वावगं वाटलं नाही. “पोथी अर्धी ऱ्हाऊ नये,” आत्याबाई म्हणाल्या, “पन वाचनारा उठला तर चालतंय. तेला बी ऐकू द्या की आता. तेला पुढचं ठावं न्हवतं.”

मी म्हणाले, आत्याबाई, मी तुमच्यासाठी हो म्हणणार होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळं मला ते जास्त लागलं. “माज्यासाठी नगं,” म्हणाल्या, “तुज्यासाठी पायजे आसंल तर तसं सांग.” मग मी रडले. वैजनाथ गेल्यापासून मी चारचौघांत नीट रडलेच नव्हते, सासरच्या रीतीत चुकायला नको म्हणून माती झाली त्या दिवशीसुद्धा मी सगळ्यांकडं बघत बघत रडले होते. आता तुरीच्या फोलपटांत बसून मी बेशरमासारखी हुंदके देत सांगितलं, की मला पाहिजे आहे तो. मशीनचा असला तरी पाहिजे आहे. घर इतकं गप्प आहे की मी कुकरची शिट्टी मुद्दाम होऊ देते. त्यांनी मला गप्प केलं नाही. पाठीवर हातही फिरवला नाही, तसा त्यांचा स्वभाव नाही. सूप उचलून त्यांनी उरलेली तूर पाखडून घेतली, आणि तोवर माझं झालं.

वर्षाराणीचा फोन दिवे लागायच्या सुमारास आला. धोंडाबाई नुकत्याच येऊन भिंतीला टेकल्या होत्या. मी ओट्याच्या कडेला उभी राहिले. त्या मुलीनं तब्येत विचारली, आई कशा आहेत विचारलं. मी म्हणाले, आमचा होकार नाही. माझा आवाज मला ओळखू आला नाही, तो फार व्यवस्थित होता. पुढचं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, मी म्हणाले, जिवंत माणूस घ्या, आणि शेवटापर्यंत वाचा, अर्धं ठेवू नका. ती ठीक आहे ताई म्हणाली. आजचा भाग आधीच टाकलेला आहे, तो या खंडाचा शेवटचा. पुढच्या खंडापासून दुसरा आवाज येईल.

आत आले तर आत्याबाई विभूती लावून बसलेल्या. समोर पाट मांडलेला, पाटावर त्यांचा फोन. मी सांगितलं, नाही म्हणाले. त्या बरं म्हणाल्या. धोंडाबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पुन्हा मागं घेतला, पाटाची कड बोटानं पुसली. आता त्या ऐकायचं सोडून चूल पेटवायला उठतील असं मला वाटलं, पण त्या उठल्या नाहीत.

“आजचा हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग लाव,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं लाव.”